ब्रिटनमधले कॅमेरे आणि खासगीपणाचा कायदा

ब्रिटनमध्ये पोलिसांनी रस्त्यावर कॅमेरे लावण्याचे सुरुवातीचे प्रयोग गुन्हेगार पकडण्यासाठी नव्हे, तर गर्दी सांभाळण्यासाठी झाले. १९६० साली थायलंडचे राजघराणे लंडनला आले, तेव्हा ट्राफल्गार चौकात दोन तात्पुरते कॅमेरे बसवण्यात आले. गावोगावच्या रस्त्यांवर ते रुळायला मात्र पाव शतक जावे लागले. ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात, हुजूर पक्षाचे अधिवेशन चालू असताना, आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेने बॉम्बस्फोट घडवला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर थोडक्यात बचावल्या. पुढच्याच वर्षी बोर्नमथने आपल्या किनाऱ्यावर कॅमेरे लावले. या शहरातही राजकीय पक्षांची अधिवेशने भरत असत.

खरी लाट आली ती फेब्रुवारी १९९३ नंतर. लिव्हरपूलजवळच्या बूटलमधील न्यू स्ट्रँड या बाजार-संकुलातून दोन वर्षांच्या एका मुलाला दहा-दहा वर्षांची दोन मुले घेऊन गेली आणि त्यांनी त्याचा खून केला. मुलाला नेतानाचे धूसर चित्रण दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवले गेले. वास्तविक कॅमेऱ्याने त्या मुलाला वाचवले नव्हते. लोकांच्या मनावर मात्र त्या चित्राने उलटाच ठसा उमटवला. १९९४ पासून गृहखात्याने कॅमेऱ्यांसाठी नगरपालिकांमध्ये स्पर्धा लावून अनुदाने वाटली, आणि १९९७ पर्यंत गुन्हे-प्रतिबंधाच्या निधीतला तीन-चतुर्थांशाहून अधिक वाटा एकट्या कॅमेऱ्यांवर खर्च झाला. कर नाही त्याला डर कशाला, हा त्या काळातला सरकारी युक्तिवाद होता.

या काळात कायद्याच्या बाजूने काहीच तयारी नव्हती. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात खासगीपणाचा स्वतंत्र हक्क नाही, हे अपील न्यायालयाने १९९० मध्ये स्पष्टच सांगितले होते. गॉर्डन केय हा विनोदी नट अपघातानंतर इस्पितळात पडून असताना एका वृत्तपत्राची माणसे खोलीत शिरली आणि फोटो काढून गेली. न्यायाधीशांनी या प्रकाराबद्दल नाराजी व्यक्त केली, पण उपाय संसदेनेच करावा असे म्हणून हात झटकले. १९८४ चा माहिती-संरक्षण कायदा होता, पण तो संगणकावरच्या नोंदींसाठी. फडताळात रचलेल्या व्हिडिओ कॅसेटी जवळपास त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

पडद्यासमोर बसणारा माणूस नेमके काय पाहतो, हे क्लाइव्ह नॉरिस आणि गॅरी आर्मस्ट्राँग या अभ्यासकांनी नियंत्रण कक्षांत जवळजवळ ६०० तास बसून टिपले. त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरा कोणावर रोखायचा हे बहुतेक वेळा वागण्यावरून नव्हे तर दिसण्यावरून ठरत होते. तरुण मुलगे, त्यातही काळे, विनाकारण नजरेत भरत. स्त्रियांवर संरक्षणासाठी कॅमेरा वळवल्याची उदाहरणे विरळ होती. चोरून पाहण्यासाठी वळवल्याची मात्र सापडली. यंत्राला पूर्वग्रह नसतो हे खरे, पण कळ फिरवणाऱ्याला असतो.

दाद मागण्याची वाट उघडली ती एसेक्समधील ब्रेंटवुड गावातल्या एका प्रकरणाने. ऑगस्ट १९९५ मध्ये रात्री एक निराश माणूस स्वयंपाकघरातली सुरी घेऊन मुख्य रस्त्यावर आला. आत्महत्येच्या प्रयत्नात त्याने मनगट कापून घेतले. नगरपालिकेच्या कॅमेऱ्यात मनगट कापताना तो दिसला नाही. दिसला तो सुरी हातात घेऊन चालताना. पोलीस वेळेवर पोहोचले, त्यांनी सुरी काढून घेतली, उपचार करवले. इथवर कॅमेऱ्याने चोख काम केले, त्या माणसाचे प्राणही वाचवले असतील. पण नंतर नगरपालिकेने आपल्या यशाची जाहिरात म्हणून तेच चित्रण वृत्तपत्रांना आणि दूरचित्रवाणीला दिले. चेहरा नीट झाकलेला नव्हता. ओळखीपाळखीच्या लोकांनी त्याला ओळखले. इंग्लंडच्या न्यायालयांत तो हरला. अखेर जानेवारी २००३ मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि ११,८०० युरो भरपाई मंजूर केली. रस्त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडणे वेगळे आणि देशभराच्या पडद्यांवर झळकणे वेगळे, हा त्या निकालाचा गाभा होता. या खटल्यात वाद होता तो कॅमेऱ्याने पाहिले की नाही याचा नव्हे, तर टिपलेल्या चित्राचे पुढे काय केले याचा. खासगीपणाचे रक्षण या अंगाने झाले, आणि त्याची मर्यादाही इथेच दिसली.

तोवर १९९८ चा नवा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला होता, आणि त्याखाली २००० मध्ये सीसीटीव्हीची आचारसंहिता निघाली. कॅमेरा असल्याची पाटी, ती लावणाऱ्याचे नाव, चित्रण गरजेपुरतेच ठेवणे, आपले चित्रण मागण्याचा हक्क, हे सारे तिथून रूढ झाले. तंत्रातही एक सोय आली. फिरत्या कॅमेऱ्याच्या यंत्रणेत घरांच्या खिडक्या कायमच्या झाकून टाकता येऊ लागल्या. कॅमेरा त्या दिशेला वळला की खिडकीच्या जागी पडद्यावर नुसते चौकोनी ठिगळ दिसते. सोय असून भागत नाही, ती वापरावी लागते. बूटल ज्या सेफ्टन नगरपालिकेत येते, तिथल्याच दोन कर्मचाऱ्यांना रस्त्यावरचा कॅमेरा एका स्त्रीच्या घरावर रोखल्याबद्दल २००६ मध्ये तुरुंगवास झाला.

एकट्या माणसाऐवजी अख्खी वस्ती उठली ती २०१० मध्ये, बर्मिंगहॅममध्ये. स्पार्कब्रुक आणि वॉशवुड हीथ या मुस्लिमबहुल भागांत २१८ कॅमेरे बसवण्याचे काम चालू होते. त्यांत बरेचसे गाड्यांच्या नंबरप्लेट वाचणारे होते आणि ७२ छुपे होते. रहिवाशांना, इतकेच काय नगरसेवकांनाही, चोऱ्यामाऱ्या आणि गुंडगिरी रोखण्याचे कारण सांगितले गेले होते. जून महिन्यात बिंग फुटले. सुमारे ३० लाख पौंडांचा निधी दहशतवादविरोधी खात्यातून आला होता. सभा गाजल्या, पोलिसांना माफी मागावी लागली आणि खांबांवरच्या कॅमेऱ्यांना पिशव्या घालण्यात आल्या. कायदेशीर चौकटीचा विचार झाल्याचा पुरावा फारसा आढळत नाही, असा ठपका पोलीस अधिकारी सॅरा थॉर्नटन यांच्या चौकशी अहवालाने ठेवला. २०११ मध्ये खांबांसकट कॅमेरे उखडले गेले. बसवलेली यंत्रणा लोकांच्या रेट्याने अशी मुळापासून निघाल्याची उदाहरणे दुर्मीळच.

त्यानंतर २०१२ चा स्वातंत्र्य-संरक्षण कायदा आला. वरातीमागून घोडे म्हणावे तसा. त्याने टेहळणी कॅमेऱ्यांसाठी वेगळा आयुक्त आणि १२ तत्त्वांची संहिता दिली. पण संहिता बंधनकारक केली ती इंग्लंड-वेल्समधील पोलीस आणि नगरपालिकांपुरती, आणि आयुक्ताला दंड करण्याचा अधिकारच दिला नाही. चेशरच्या पोलिसांनी २०११ मध्ये देशातील कॅमेऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज काढला होता. त्यांपैकी बहुतेक दुकाने, कचेऱ्या अशा खासगी मालकांचे होते, म्हणजे संहितेच्या बाहेरचे. त्याआधी वर्षानुवर्षे सांगितला जाणारा ४२ लाखांचा आकडा लंडनमधील पटनी भागातल्या मोजणीवरून साऱ्या देशाला लावलेला होता.

पुढचा खटला कार्डिफचा. वेल्समधील पोलिसांची गाडी गर्दीतला प्रत्येक चेहरा मोजून संशयितांच्या यादीशी ताडून पाहत असे. जुळला नाही तर नोंद लगेच पुसली जाई. एका नागरिकाने हरकत घेतली. यादीत कोणाचे नाव घालावे आणि गाडी कुठे उभी करावी, हे पोलिसांच्या मर्जीवर सोडले आहे, असे म्हणत अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये तो वापर बेकायदा ठरवला. यंत्र स्त्रिया किंवा अल्पसंख्याकांबाबत जास्त चुका करते का, हे पोलिसांनी पुरेसे तपासले नव्हते, असेही न्यायालयाने म्हटले. तंत्रावर बंदी मात्र आली नाही. नियम सुधारून वापर पुढे चालू झाला.

घरांवरच्या कॅमेऱ्यांचा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या एका घरमालकाच्या प्रकरणात सोडवला होता. घराच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल, तर 'घरगुती वापर' ही सवलत मिळत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने शेजाऱ्याच्या दारावरच्या घंटा-कॅमेऱ्याबाबत हीच रेघ ओढली आणि चित्राइतकाच, किंबहुना जास्त, आक्षेप दूरवरचे बोलणे टिपणाऱ्या ध्वनिमुद्रणावर घेतला. माहिती आयुक्तांच्या कार्यालयाचा घरमालकांना सल्ला असा आहे: कॅमेरा आपल्या हद्दीतच रोखावा, ते जमत नसेल तर पाटी लावावी, चित्रण गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवू नये, आणि त्यात आलेल्या माणसाने मागितले तर त्याला त्याची प्रत द्यावी.