मॅक्रो-सुरक्षा इशारा
मॅक्रो-सुरक्षा इशारा : शब्दसंस्कारक (वर्ड प्रोसेसर) आज्ञावलीत दस्तऐवज उघडताना त्यात मॅक्रो असल्याचे सांगून वापरणाऱ्याची अनुमती मागणारी सूचना. मॅक्रो म्हणजे दस्तऐवजासोबत साठविलेला आज्ञांचा संच. पत्राचा ठराविक मायना घालणे, कोष्टक आखणे इ. वारंवार करावी लागणारी कामे त्यामुळे आपोआप होतात. तथापि दस्तऐवज उघडताच चालू होणारा मॅक्रोही लिहिता येत असल्याने, मजकूर वाचणे आणि परक्याची आज्ञावली चालविणे यांतील सीमारेषा पुसट झाली.

याचा प्रत्यय १९९५ मध्ये ‘कॉन्सेप्ट’ या विषाणूने आणून दिला. मायक्रोसॉफ्ट वर्डच्या मूळ साच्यात तो शिरे आणि पुढे जतन होणाऱ्या दस्तऐवजांत उतरे. ‘१’ हा आकडा असलेली चौकट दाखविण्यापलीकडे तो उपद्रव करीत नसे. खुद्द मायक्रोसॉफ्टने वितरित केलेल्या एका तबकडीतूनही तो पसरला, ही गोष्ट मासलेवाईक आहे.

वर्ड ९७ मध्ये इशाऱ्याची चौकट आली. मॅक्रो चालू करावेत, बंद ठेवावेत की दस्तऐवज उघडूच नये, असे पर्याय तीत असत. मॅक्रो घातक की निरुपद्रवी हे मात्र तिला ओळखता येत नसे. कचेरीतील नित्याच्या नमुन्यावरही तीच चौकट येई. तीतील एक खूण काढली की इशारा कायमचा बंद होई. रोज मॅक्रो वापरणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा वाटणे स्वाभाविक होते. परंतु वापरणाऱ्याला जी कळ फिरविता येते, ती मॅक्रोलाही फिरविता येते, हा या व्यवस्थेतील खरा दोष होय.

२६ मार्च १९९९ रोजी अमेरिकेत पसरू लागलेल्या ‘मेलिसा’ने तो उघड केला. एकदा अनुमती मिळताच हा मॅक्रो वर्ड ९७ मधील इशारा स्वतःच बंद करी. त्या वेळी येऊ घातलेल्या वर्ड २००० मध्ये तो सुरक्षेची पातळी सर्वांत खाली आणून ती बदलण्याचा पर्यायही निष्क्रिय करी. मग आउटलुकमधील पत्त्यांच्या यादीतील पहिल्या ५० नोंदींकडे तो दस्तऐवज धाडी. परिचिताच्या नावाने आलेले पत्र म्हणून लोक ते उघडीत. त्याचा कर्ता डेव्हिड एल. स्मिथ याला २००२ मध्ये २० महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

ऑफिस २००७ मध्ये मॅक्रो आरंभीच बंद ठेवून मजकुरावरील पट्टीत सूचना देण्याची पद्धत आली. मॅक्रोयुक्त दस्तऐवजांना निराळे नामप्रत्ययही मिळाले. तथापि पट्टीवरील कळ दाबली की मॅक्रो चालू होत. त्यामुळे ती दाबल्याशिवाय मजकूर दिसणार नाही, अशी बतावणी दस्तऐवजातच करण्याचे तंत्र रूढ झाले. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील सु. २,२५,००० ग्राहकांचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला. त्या हल्ल्यातील पहिला शिरकाव, कित्येक महिने आधी, वीज कंपन्यांतील कर्मचाऱ्यांनी अशा दस्तऐवजांना दिलेल्या अनुमतीतून झाला होता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो मुळातच अडविण्याचे जाहीर केले. जुलैमध्ये हा निर्णय थोडे दिवस स्थगित होऊन त्याच महिन्यात पुन्हा अंमलात आला. या नव्या पट्टीवर अनुमतीची कळ नाही. फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन तिच्यावरील निर्बंध हेतुपूर्वक काढावा लागतो. त्यानंतर हल्लेखोर मॅक्रो सोडून तबकडी-प्रतिमा, शॉर्टकट इ. अन्य प्रकारच्या फाइलींकडे वळले.