मुलाच्या सर्दीसाठी ह्युमिडिफायर: घ्यायचा का, घ्यायचा तर कोणता?

थंडी सुरू झाली की लहान मुलांची नाकं चोंदतात आणि रात्रभर घरात कुणालाच झोप लागत नाही. अशा वेळी शेजारचे किंवा नातेवाईक हमखास सुचवतात, 'एक ह्युमिडिफायर घेऊन टाका.' मोबाइलवर तर दहा प्रकार दिसतात. पण पैसे घालण्याआधी काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ह्युमिडिफायर हे औषध नाही. सर्दी विषाणूमुळे होते आणि साधारण 7 ते 10 दिवसांत आपोआप उतरते. दमट हवेने ती लवकर बरी होते, असा ठोस पुरावा मिळालेला नाही. मात्र कोरड्या हवेत नाकातला शेंबूड वाळून घट्ट होतो, घसा खवखवतो. हवेत ओलावा असला की मुलाला जरा मोकळं वाटतं. उपयोग एवढाच.

म्हणूनच आपल्या खोलीतली हवा मुळात कोरडी आहे का, ते आधी बघावं. आर्द्रता मोजणारं छोटं हायग्रोमीटर घड्याळाएवढं असतं आणि महागही नसतं. खोलीत 30 ते 50 टक्के आर्द्रता पुरेशी. ग्वाल्हेरला रूम हीटर लावून झोपणाऱ्या घरात किंवा हैदराबाद, वडोदऱ्याला रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीत आकडा खाली जाऊ शकतो. पणजी, मडगावकडे मात्र हवेतच दमटपणा. तिथे हे यंत्र लावलं तर भिंतींना बुरशी धरायची आणि त्याच बुरशीने मुलाचा खोकला वाढायचा. गोव्यातल्या बहुतेक घरांना याची गरजच नाही.

आता प्रकार. पाणी उकळून वाफ सोडणारं यंत्र, म्हणजे व्हेपोरायझर, मुलाच्या खोलीत नकोच. रांगतं पोर वायर ओढतं आणि उकळतं पाणी अंगावर येतं. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही थंड धुक्याचंच यंत्र वापरायला सांगते. याच कारणाने पातेल्यावर टॉवेल घेऊन लहान मुलाला वाफारा देणंही धोक्याचं आहे.

थंड यंत्रांत दोन जाती. अल्ट्रासॉनिक यंत्र आवाज करत नाही, बाजारात सगळीकडे मिळतं. त्याचा दोष असा की पाण्यातले क्षारही ते हवेत उडवतं. बोअरचं जड पाणी घातलं तर सकाळी टेबलावर पांढरी भुकटी बसलेली दिसते. तीच भुकटी मूल रात्रभर श्वासातून आत घेत असतं. म्हणून यात डिस्टिल्ड पाणीच घालावं, ते नसेल तर निदान आरओचं. दुसरी जात पंखा आणि ओल्या फिल्टरची. तिची भुकटी उडत नाही, पण पंख्याचा आवाज येतो आणि फिल्टर बदलत राहावा लागतो. यूएसबीवर चालणारी शोभेची यंत्रं खोलीला पुरत नाहीत.

घेताना टाकीच्या तोंडात हात जातो का, हे दुकानातच बघून घ्यावं. लोकांच्या ध्यानात न येणारी पण सगळ्यात महत्त्वाची बाब हीच. टाकीतलं पाणी रोज ओतून ती पुसून कोरडी करायची आणि दर तिसऱ्या दिवशी घासायची. व्हिनेगरने क्षार निघतात, नंतर टाकी भरपूर पाण्याने धुवावी. हे जमणार नसेल, तर यंत्र न घेतलेलंच चांगलं. साचलेल्या पाण्यातले जंतू थेट हवेत येतात.

पाण्यात मात्र दुसरं काही घालायचं नाही. दक्षिण कोरियात टाकीच्या पाण्यात मिसळायचं जंतुनाशक अनेक वर्षं सर्रास विकलं जात होतं. त्याने फुप्फुसं निकामी होतात, हे 2011 मध्ये उघड झालं. तोवर लहान मुलं आणि गरोदर बायकांसह अनेकांचे जीव गेले होते. आपल्याकडे कापूर, निलगिरीचं तेल, बाम घालायची सवय आहे. कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येऊ शकतात, आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या आसपासही तो नको.

यंत्र मुलाच्या हाताला लागणार नाही असं, पलंगापासून तीन-चार फूट दूर ठेवावं. धुकं तोंडावर येता कामा नये. खिडकीच्या काचा पाझरू लागल्या की यंत्र बंद करावं.

यंत्र नसलं तरी अडत नाही. नाकात सलाइनचे थेंब, वरचेवर पाणी किंवा अंगावरचं दूध, आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध, यानेही आराम पडतो. खोकल्याचं सिरप मनाने देऊ नये. छिंदवाड्यातल्या मुलांच्या मृत्यूंनंतर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना असं औषध देऊ नये, असं बजावलं आहे.

मूल शांत असताना त्याचा श्वास मिनिटभर मोजावा. दोन महिन्यांखालच्या बाळाचा 60, वर्षाच्या आतल्याचा 50, पाच वर्षांपर्यंतच्याचा 40 किंवा जास्त भरला, छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल दूध पीत नसेल, तर यंत्राच्या भरवशावर न बसता तडक दवाखाना गाठावा.