सत्तावीस देशांचा कारभार

1 डिसेंबर 2024 रोजी ब्रसेल्स येथे युरोपीय संघाच्या दोन अध्यक्षांचा कार्यकाल एकाच दिवशी सुरू झाला. त्यांपैकी अंतोनियो कोस्टा यांचे वडील मडगावात वाढलेले. तेव्हा अंधेरी-बोरिवलीच्या आपल्या धर्मग्रामांतील गोवेकर कुटुंबांना ‘आपला माणूस युरोपचा कारभारी झाला’ असे वाटले असल्यास नवल नाही. ज्या साष्टीने 1739 पर्यंत लिस्बनचे हुकूम झेलले, तिथल्या आपणांसही या योगायोगाची गंमत वाटते!

परंतु कोस्टा यांची युरोपीय परिषद म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांची बैठक. ती दिशा ठरविते. रोजचा कारभार पाहतो तो दुसऱ्या अध्यक्षा, उर्सुला फॉन डेर लाएन यांचा युरोपीय आयोग.

या आयोगाचे मूळ युद्धाच्या राखेत आहे. 9 मे 1950 रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शूमान यांनी फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एकाच अधिकाराखाली आणण्याची योजना मांडली. तोफा ज्यापासून ओतल्या जातात, तेच सामाईक करावयाचे! 1952 साली सहा देशांसाठी नऊ जणांचे उच्चाधिकार मंडळ काम करू लागले. 1958 साली आयोग आला. शूमान हे श्रद्धावान कॅथलिक. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी संतपदाच्या वाटेवर त्यांच्या सद्गुणांना मान्यता दिली.

आज आयोगात प्रत्येक देशाचा एक, असे सत्तावीस सदस्य आहेत. मात्र लक्झेंबर्गच्या न्यायालयासमोर ते शपथ घेतात, की कोणत्याही सरकारची आज्ञा घेणार नाही, अगदी स्वतःच्या देशाचीही नाही. कायद्याचा मसुदा सहसा आयोगानेच मांडावयाचा; मंजुरी मात्र युरोपीय संसद आणि देशांच्या मंत्र्यांची. कायदा मोडणाऱ्या देशास न्यायालयात खेचण्याचा अधिकारही त्याचाच.

ही घडी एकदा चांगलीच विस्कटली. फ्रान्सच्या सदस्या एदित क्रेसाँ यांनी ओळखीच्या दंतवैद्यास आयोगात काम दिल्याचा ठपका चौकशी समितीने ठेवला. त्यांनी पद सोडण्यास नकार दिला. एकट्या सदस्यास काढण्याची सोय संसदेकडे नव्हती; काढावयाचे तर सर्वांनाच. अखेर 15 मार्च 1999 च्या रात्री अध्यक्ष जाक सांतेर यांच्यासह वीसही जणांनी राजीनामे दिले. पुढे करार बदलला. आता अध्यक्षांनी सांगितल्यास सदस्याला जावेच लागते.

आयोग लहान करण्याचा बेतही पुढे आला होता. 2008 साली आयर्लंडच्या मतदारांनी लिस्बन करार फेटाळला आणि प्रत्येक देशाची खुर्ची राखण्याचे आश्वासन मिळाल्यावर, 2009 साली, तो स्वीकारला. शपथ सर्वांची, खुर्ची मात्र ज्याची त्याला हवी.