सर, रात्री भांडी वाजतात

मंडळी, गणपती विसर्जन झालं की दरवर्षी मला एक जुनं वाक्य आठवतं. आजवर हे फारसं कुणाला सांगितलं नाही. या वेळी नातवामुळे विषय निघाला, म्हणून लिहून टाकतो.

नातू पुण्यात इंजिनिअर आहे. परवा नांदेडला आला तेव्हा त्याच्या कामाबद्दल सांगत होता. काडेपेटीएवढ्या डब्या, आत सेन्सर, बॅटरी आणि छोटा रेडिओ. अशा शेकडो डब्या रानात पेरायच्या, त्या एकमेकींशी बिनतारी बोलतात आणि काही घडलं की स्वतःच पुढची यंत्रं चालू किंवा बंद करतात. मी विचारलं, "अरे, मग यात अवघड काय आहे?" तो हसला. "आबा, सगळंच अवघड. बॅटरी संपते. सगळ्या डब्यांची घड्याळं एकसारखी चालली पाहिजेत. आणि खरा हादरा कोणता अन् ट्रॅक्टर गेल्याचा कोणता, हे डबीला कळलं पाहिजे."

हादरा म्हटल्यावर मी गप्प झालो.

साल १९९२. मी लातूरला शाळेत भूगोल शिकवत होतो. आठवीचा वर्ग, दख्खनच्या पठाराचा धडा. हा भूभाग अतिप्राचीन आणि स्थिर, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असं मी ठासून सांगितलं. किल्लारीकडचा एक मुलगा लातुरात मामाकडे राहून शिकत होता. तो उठून म्हणाला, "सर, आमच्या गावात रात्री भांडी वाजतात." वर्ग हसला. मीही हसलो. "उंदीर असतील, बस खाली." तो बसला.

तसं मी पुस्तकाबाहेरचं काहीच बोललो नव्हतो. त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण किल्लारीच्या परिसरात त्या वर्षी खरोखरच धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा तर चांगलाच जाणवला. लोक घाबरले होते. पुढे धक्के मंदावले, आणि चर्चाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा, पण फार खोल नव्हता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर दरवर्षी माती टाकून जड झालेली माळवदं, ती झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं पार उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या मुलाची आई आणि बहीण त्यात होत्या.

आता थोडं गणित, जुनी सवय! भूकंपाच्या पहिल्या लाटा सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावतात, पाडापाडी करणाऱ्या दुसऱ्या लाटा साडेतीन. विजेनंतर किती वेळानं गडगडाट आला यावरून वीज किती लांब पडली हे आपण ओळखतो, तसंच दोन लाटांमधल्या अंतरावरून भूकंपाची जागा कळते. पण त्यासाठी निदान तीन केंद्रं लागतात, आणि घड्याळ एक सेकंद चुकलं तरी जागा काही किलोमीटरनं सरकते. नातवाची घड्याळाची तक्रार मला तेव्हा समजली. किल्लारीपासून हैदराबादचं केंद्र सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, पुणं त्याहून लांब. भांडी वाजवणारे बारीक धक्के एवढ्या लांबून नीट पकडणार कसे?

"आज डब्या असत्या तर लोक वाचले असते का?" मी नातवाला विचारलं. त्यानं कागद ओढला. किल्लारी ते लातूर चाळीसेक किलोमीटर. दुसरी लाट लातुरात अकरा-बारा सेकंदांनी पोचते. त्यातले काही सेकंद यंत्रांच्या निर्णयात जाणार, म्हणजे लातूरला पाच-सहा सेकंद मिळाले असते. आणि किल्लारीला? काहीच नाही. भूकंप पायाखालीच होता. मेक्सिको शहराला १९९१ पासून अशी सूचना मिळते, कारण तिथले बरेच मोठे भूकंप तीनशे किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर होतात.

मग किल्लारीसाठी या सगळ्याचा उपयोग काय? मला वाटतं, उपयोग आदल्या वर्षीचा होता. बारीक धक्क्यांवरून मोठा भूकंप कधी येईल हे आजही कुणाला सांगता येत नाही. पुष्कळदा येतही नाही. पण नोंद झाली असती, तर निदान कुणीतरी माळवदांकडे वर मान करून पाहिलं असतं.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत सहाशे मीटरहून खोल भोक पाडून खडक तपासला. २००२ च्या नव्या नकाशात झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा भूकंप झाला, आमच्या नांदेडच्या घरातही जाणवला. थोड्याच वेळात आकडा आणि ठिकाण फोनवर आलं. आता तर फोनच हादरा ओळखतात. प्रगती आहेच.

पण मंडळी, १९९२ साली माझ्या वर्गातही एक सेन्सर होता. त्याची बॅटरी संपली नव्हती, निरोपही वेळेवर आला होता. घेणाऱ्यानं तो ट्रॅक्टरचा आवाज समजून सोडून दिला.

तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत परत आला. मला कधी काही बोलला नाही. मीही बोललो नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत दख्खनच्या पठाराचा धडा आला की मी आधी विचारायचो, "तुमच्या गावात काय काय होतं, सांगा बरं." आणि कोण काय म्हणालं, ते वहीत लिहून घ्यायचो.