गोळीनंतरचा कायदा

मोठा घातपात झाला म्हणजे दुसऱ्या दिवशी राज्यकर्त्यांपुढे दोन कामे उभी राहतात. एक काम कागदावरचे : नवा कायदा, नवे कलम, नवे खाते. दुसरे काम जागेवरचे : बंदर, बोट, ठाणे, शिपाई. पहिले काम आठवड्यात उरकते, दुसऱ्याला वर्षे लागतात. पहिले एकदा केले की कायम राहते. दुसरे रोज करावे लागते, आणि म्हणूनच ते रोज थोडे थोडे सुटत जाते. गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्राने हा अनुभव इतक्या वेळा घेतला आहे, की त्याची एकदा संगती लावून पाहिली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

प्रारंभीच एक खुलासा. या विवेचनात चापेकर बंधूंचे व कान्हेऱ्यांचे नाव येईल, आणि मुंबईवर चालून आलेल्या मारेकऱ्यांचाही उल्लेख येईल. ही एका माळेतील माणसे नव्हेत. पहिले परकी सत्तेच्या अधिकाऱ्यांवर उठले होते, दुसऱ्यांनी स्टेशनात गाडीची वाट पाहणाऱ्या बायकामुलांवर गोळ्या झाडल्या. गोळी झाडणाऱ्यांची तुलना करणे हा आमचा हेतू नाही. गोळी सुटल्यानंतर सरकार काय करते, एवढेच पाहावयाचे आहे. आणि त्या बाबतीत सरकार परके असो की आपले, सवयी पुष्कळशा सारख्याच निघतात.

१८९७ च्या २२ जूनला पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. सरकारने शहरावर जादा पोलीस बसविले. नातू बंधूंना १८२७ सालच्या एका जुन्या रेग्युलेशनखाली विनाचौकशी अटकेत ठेवले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना दीड वर्षाची शिक्षा दिली. पण याहून टिकाऊ काम पुढल्या वर्षी झाले. १८९८ साली राजद्रोहाचे १२४-अ हे कलम रुंद करण्यात आले आणि १५३-अ हे नवे कलम दंडसंहितेत घातले गेले. रँड कोण हे आज शाळेतल्या मुलालाही आठवून सांगावे लागते. पण ते १२४-अ कलम थेट २०२४ च्या १ जुलैपर्यंत पुस्तकात होते आणि १५३-अ नव्या भारतीय न्याय संहितेत १९६ हा क्रमांक घेऊन बसले आहे. गोळीचा आवाज क्षणात विरला, कलमाचे आयुष्य मात्र शतकाहून मोठे ठरले.

१९०८ च्या ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बाँब फुटला. ८ जूनला, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत, एकाच दिवशी दोन कायदे झाले : एक स्फोटक द्रव्यांचा, दुसरा वर्तमानपत्रांचा. दुसऱ्याच दिवशी ‘केसरी’त टिळकांचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख आला. त्या मथळ्यातच आजच्या आमच्या विषयाचे सार आहे. ज्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांत हा एक होता. २२ जुलैला शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. राजकीय कारणासाठी आपल्या देशातील कामगारवर्गाने केलेला हा पहिला मोठा संप, असे मानले जाते. तो ज्या शिक्षेविरुद्ध झाला, तिच्या मुळाशी बाँबनंतरचे कायदे होते, हे आम्हां कामगार चळवळीतील माणसांनी विसरू नये.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी एक कायदा आला. त्याने सरकारला कोणतीही संघटना बेकायदा ठरविण्याचा अधिकार दिला. तरीही पुढल्या वर्षी, १९०९ च्या २१ डिसेंबरला, नाशिकच्या विजयानंद नाटकगृहात जॅक्सनचा वध झाला. तो करणारे अनंत कान्हेरे हे आपल्या या गावात, तेव्हाच्या निजामी औरंगाबादेत, शिकलेले होते. कायद्याने त्यांचा हात धरला नाही. १९१० च्या फेब्रुवारीत छापखान्यांवर आणखी कडक कायदा झाला आणि एप्रिलात कान्हेरे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. आता त्या १९०८ च्या संघटनाबंदीच्या कायद्याचे पुढे काय झाले ते पाहा. १९३४ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला, तेव्हा कम्युनिस्ट पक्ष बेकायदा ठरविण्यास हाच कायदा कामी आला. बाँब करणाऱ्यांसाठी घडविलेले हत्यार पंचवीस वर्षांनी संपावर उगारले गेले. आमच्या गावाकडे म्हणतात, रोग हल्याला आणि औषध पखालीला.

स्वराज्य आले. आता राज्य आपले, मते आपली. तरी घाईची सवय गेली नाही. १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत ट्रान्झिस्टरमध्ये दडविलेले बाँब फुटले आणि दोन आठवड्यांच्या आत ‘टाडा’ संमत झाला. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची वाट पुढे १९८७ च्या टाडाने उघडली. ‘टाडा’खाली देशभर सत्तर हजारांहून अधिक माणसे धरली गेली. दोषी ठरली ती त्यांतील अगदी थोडी. तथापि या कायद्यात एक गोष्ट चांगली होती : तो मुदतीचा होता. दर दोन वर्षांनी संसदेला तो पुन्हा संमत करावा लागे, आणि १९९५ साली संसदेने तसे केले नाही म्हणून तो मेला. संसदेवरील हल्ल्यानंतर २००२ साली आलेल्या ‘पोटा’लाही तीन वर्षांची मुदत होती. तो २००४ मध्येच रद्द झाला. पण रद्द होताना त्यातील कित्येक तरतुदी १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, ज्याला आपण ‘यूएपीए’ म्हणतो त्यात, जाऊन बसल्या. त्या कायद्याला मुदत नाही. पाहुणा म्हणून आलेला कायदा घरचा झाला तो असा.

आता जागेवरच्या कामाकडे वळू. १९९३ च्या १२ मार्चला मुंबईत एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसे गेली. त्यासाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरले होते. लाच खाऊन डोळे मिटणारे सरकारी नोकर त्या कटात दोषी ठरले. येथे कायदा अपुरा पडला नव्हता. चोरटा माल उतरविणे आणि लाच खाणे हे दोन्ही पूर्वीपासूनच गुन्हे होते. अपुरी पडली ती किनाऱ्यावरची राखण. स्फोटांनंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम्स यांची संयुक्त गस्त सुरू झाली. २००५ साली केंद्राने किनारी सुरक्षेची योजना मंजूर केली. आणि २००८ च्या २६ नोव्हेंबरला दहा माणसे पुन्हा समुद्रातूनच आली. ‘कुबेर’ नावाची मासेमारीची बोट पळवून, रबरी होडीतून ती कुलाब्याजवळच्या मच्छीमार नगरात उतरली. त्यांना पाहून ज्यांना संशय आला ते कोळी होते. किनाऱ्याची इतकी खाती असताना पहिला संशय आला तो जाळी विणणाऱ्यांना!

त्या तीन रात्रींत १६६ माणसे मारली गेली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. गिरगाव चौपाटीवर हवालदारीतून वर आलेले तुकाराम ओंबळे हातात रायफल नसताना कसाबच्या रायफलीला भिडले आणि ती सोडली नाही. दिल्लीजवळच्या मानेसरहून कमांडो मुंबईला पोहोचेतो सकाळ उजाडली. नंतर केंद्रातून शिवराज पाटील गेले, राज्यात विलासराव देशमुख गेले. दोघेही आपल्याच लातूरचे.

१६ डिसेंबरला संसदेत दोन विधेयके मांडली गेली आणि १८ तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांत संमत झाली. एकाने राष्ट्रीय तपास संस्था निर्माण केली. दुसऱ्याने यूएपीए कडक केला : आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी आणि जवळजवळ न मिळणारा जामीन. हल्ल्यापासून मोजले तर बावीस दिवस. जागेवरची कामेही झाली, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. मुंबईत कमांडोंचे केंद्र आले, राज्याने ‘फोर्स वन’ उभे केले, समुद्राच्या राखणीची मुख्य जबाबदारी नौदलाकडे गेली, कोळ्यांना ओळखपत्रे मिळाली. राम प्रधान समितीने पोलिसांच्या तयारीतील आणि आलेली माहिती हाताळण्यातील उणिवा दाखविल्या. पण पाहा, या कामांपैकी एकालाही नवे कलम लागले नाही. लागले ते पैसे, माणसे आणि देखरेख.

याच गोष्टीचा पुरावा आपल्या दारात आहे. २००६ च्या मे महिन्यात आपल्या भागात दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून शस्त्रांची मोटार पकडली. तीत आरडीएक्स होते, एके-४७ रायफली होत्या. माहिती वेळेवर मिळाली आणि शिपाई जागे होते म्हणून कोठला तरी बाजार, कोठले तरी स्टेशन वाचले. पण त्या वेळी एक जण निसटला : बीड जिल्ह्यातील गेवराईचा जबीउद्दीन अन्सारी. मुंबईवरील हल्ल्यात कराचीहून सूचना देणाऱ्यांत तो होता, असा त्याच्यावर आरोप आहे. २०१६ साली शस्त्रसाठ्याच्या खटल्यात त्याला जन्मठेप झाली. अर्धा पाठलाग यशस्वी झाला तर काय वाचते आणि अर्धा फसला तर काय होते, हे या एका प्रकरणात दिसते.

आमचा जन्म कारखान्यांच्या फाटकांवर गेला. प्रेसवर कामगाराचे बोट तुटले की एका कारखान्यात काय होई ते आम्ही पाहिले आहे. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवा फलक, ‘बेसावध कामगारावर कारवाई होईल’. उत्पादन वाढावे म्हणून काढून ठेवलेला यंत्राचा गार्ड मात्र कोपऱ्यात पडलेलाच. फलक स्वस्त असतो, गार्ड महाग. देशाच्या संरक्षणातही याहून निराळे घडत नाही.

आणि फलकाची झळ कोणाला लागते? कामगारांचे खटले लढविणाऱ्या वकील सुधा भारद्वाज २०१८ साली यूएपीएखाली अटकेत गेल्या आणि तीन वर्षांहून अधिक काळ आत होत्या. २०२१ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने जामीन दिला तो कोठडीची मुदत वाढवून देणाऱ्या न्यायालयाला तो अधिकारच नव्हता म्हणून. त्यांच्यावरील आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे, की कराचीहून आलेल्या दहा जणांमुळे जी मुदत वाढली, ती कोणापर्यंत पोहोचली. जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यातही संघटना बेकायदा ठरविण्याची, १९०८ च्या जातीची तरतूद आहे. कामगार संघटनांनी विरोध केला तो याच स्मरणामुळे.

कोणी म्हणेल, मग मारेकऱ्यांना मोकळे सोडावे काय? मुळीच नव्हे. उलट आमची तक्रार ही, की ढिला तपास आणि कडक कायदा यांची जोडी जमली म्हणजे मारेकरीच सुटतो. २००६ च्या ११ जुलैला मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक माणसे गेली. त्यांत कामावरून परतणारे किती असतील! खटला ‘मोक्का’खाली चालला. त्यातही पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब चालतो. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ते जबाब अविश्वसनीय ठरवून बाराही जणांना सोडले. सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा आधार इतर खटल्यांत घेण्यास स्थगिती दिली. तथापि एकोणीस वर्षे वाट पाहून मृतांच्या घरच्यांच्या पदरी काय पडले? कबुलीजबाबाची सोपी वाट मोकळी असली, की अवघड वाटेने कोणी जात नाही.

अलीकडे धोरणाने आणखी एक वळण घेतले आहे. २०१६ ला उरीनंतर, २०१९ ला पुलवामानंतर आणि २०२५ ला पहलगामनंतर सरकारने सीमेपलीकडे प्रहार केला. पहलगामनंतर सिंधू जलकराराला स्थगितीही दिली. त्याचे मोजमाप इतिहास करील. पण सीमेपलीकडे केलेला प्रहार किनाऱ्यावरच्या गस्तीची जागा घेऊ शकत नाही, एवढे १९९३ आणि २००८ यांनी शिकविले आहे.

म्हणून नागरिकांनी तीन गोष्टी मागाव्यात. घातपातानंतरच्या प्रत्येक कायद्याला मुदत असावी आणि मुदत संपताना त्याखाली किती धरले, किती दोषी ठरले, किती सुटले याचा हिशेब सभागृहापुढे यावा. किती बोटी चालू आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, किती शिपायांना चिलखत मिळाले, हा दुसरा हिशेबही दरवर्षी मागावा. आणि जो वर्षानुवर्षे आत राहून निर्दोष सुटतो, त्याला भरपाई मिळावी, कारण चुकीच्या माणसाला धरणे म्हणजे खऱ्याला मोकळे ठेवणे होय.

हे मागावयाचे ते शांततेच्या दिवसांत. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी रागावलेला माणूस हिशेब विचारीत नाही. त्या दिवशी तो हाताला लागेल ते उचलतो, आणि हाताला नेहमी कायदाच लागतो.