चालू न होणाऱ्या गाडीचा इतिहास

फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी उत्तर नागपुरात जरीपटक्याची वस्ती वसवली, तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि मोटारसायकल परदेशातून येत होती. त्या काळात देशात फिरणाऱ्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस यांतल्या अनेक गाड्या दुसऱ्या महायुद्धात लष्कराकडे राबून मग बाजारात आलेल्या. त्यामुळे कित्येकांच्या आयुष्यातली पहिली मोटारसायकल आधी दुसऱ्या कोणीतरी वापरलेलीच असे. हौसेने घरी आणलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होईना, हा अनुभवही तेव्हापासूनचा. दर पिढीत बदलत गेले ते न चालू होण्याचे कारण.

युद्धातून आलेल्या त्या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नसे, मॅग्नेटो पुरे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की त्याच्या पॉइंटवर गंज चढे. मिस्त्री पॉइंट पॉलिश पेपरने घासून घेई आणि गाडी पुन्हा बोलू लागे.

1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया स्थापन झाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. तिची किक मारणे हे शिकूनच घ्यावे लागे. चावी फिरवून किक हळूहळू दाबायची आणि डोळा हेडलाइटवरच्या ॲमीटरवर ठेवायचा. काटा मध्यावर आला की पिस्टन वर पोहोचला, असे समजायचे. मग डीकॉम्प्रेसरचा लिव्हर ओढून किक थोडी पुढे सरकवायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि पूर्ण वजन टाकून एकदाच मारायची. हे ठाऊक नसलेला माणूस घामाघूम होई, आणि उलटी किक बसली तर चार दिवस लंगडे. गाडीत बिघाड काहीच नसे.

जावाचे निराळेच. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची स्थापना 1960 मधली. या गाडीत गिअर आणि किक यांचा दांडा एकच होता. तो आत दाबून मागे उभा फिरवला की किक, पुढे पाडला की गिअर. नवा मालक किक शोधत गाडीभोवती फिरे. पोलिश एसएचएलच्या परवान्यावर एस्कॉर्ट्सने काढलेली राजदूत गावोगावी पोहोचली. या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे आले. ऑइल जास्त पडले की प्लग काळा आणि ओला, कमी पडले तर पिस्टन जाम. अशी जुनी गाडी घेणारा माणूस खिशात जादा प्लग आणि पान्हा ठेवूनच घराबाहेर पडे.

तरीही लोक जुनी गाडी घेत, कारण नवी मिळतच नव्हती. लायसन्स राजमध्ये कारखान्याने किती गाड्या काढायच्या, हे सरकार ठरवी. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि हातात आलेली स्कूटर कारखान्याच्या भावापेक्षा जास्त किमतीला विकली जाई. अशा काळात रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातातली विद्या मोलाची ठरली. ती कोणत्या पुस्तकातून आली नाही. पोरवयात गॅरेजवर येऊन पान्हे धूत आणि उस्तादाच्या हाताकडे बघत ती शिकली गेली.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांबरोबर करार झाले. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आणि यामाहाची आरएक्स 100 आली. हळूहळू पॉइंटची जागा सीडीआयने घेतली. घासून दुरुस्त करायचा भाग गेला आणि बदलूनच टाकायचा डबा आला. तपासाचा क्रम मात्र तोच राहिला: पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन.

हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, किल स्विच बंद तर नाही, हे बघायचे. मग प्लग काढायचा. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते पण पेटत नाही. प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारायची. निळी, कडक ठिणगी उडाली तर करंट ठीक. पिवळट आणि मरतुकडी असेल तर कॉइल, वायर नाहीतर प्लगच संशयित. शेवटी प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारायची. आतल्या हवेने अंगठा उडवला नाही, तर दोष इंजिनच्या पोटात आहे आणि खर्च मोठा आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याने यात आपली भर घातली आहे. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या मे महिन्यात उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर राहतो आणि सुईच्या टोकाएवढ्या जेटचे भोक बुजते. टाकीत पेट्रोल भरपूर, प्लगला ठिणगी उत्तम, तरी गाडी ढिम्म. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल पाणीही ओढून घेते. म्हणून बरेच महिने उभी असलेली गाडी घेतली, की आधी टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. अशी गाडी चावी फिरवताच पंपाचा बारीक घूं आवाज करते. आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि बॅटरी. स्टार्टर दाबल्यावर नुसती टकटक झाली तर बॅटरी उतरली आहे; चांगली बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. अनेक गाड्या साइड स्टँड खाली असेल आणि गिअर पडलेला असेल तर चालूच होत नाहीत, हेही नव्या मालकाला कोणी सांगितलेले नसते. सेन्सरचा दोष शोधायला मिस्त्रीला स्कॅनर लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याचा जन्मभराचा अनुभव इथे अडतो, आणि ही या व्यवसायाची आजची खरी अडचण आहे. त्याला यंत्र आणि प्रशिक्षण मिळायला हवे, कारण बीएस-6 गाड्याही आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे येऊ लागल्या आहेत.

जरीपटक्यात आज एमएच-31 क्रमांकाची जुनी गाडी घ्यायला जाणाऱ्याने पैसे मोजण्याआधी इंजिनला हात लावून बघावा. ते गरम असेल, तर विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून ठेवली आहे. ती पूर्ण थंड होऊ द्यावी आणि मग स्वतः किक मारावी. इंजिन आणि चेसिसचे नंबर आरसीशी ताडून पाहावेत, फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या तिथेच घ्याव्यात आणि सोबत आपल्या ओळखीचा मिस्त्री न्यावा.