जाहिरात, संकेतस्थळांवरील : गोवा

संकेतस्थळावर जाहिरातीला जागा देऊन मिळवायचे उत्पन्न आणि ते मिळवताना वाचकाला त्रास होऊ नये म्हणून पाळायची पथ्ये, असे या विषयाचे दोन भाग पडतात. येथे तो गोव्यातील, विशेषतः पेडणे व डिचोली या उत्तरेकडील दोन तालुक्यांतील मराठी वाचकांच्या संदर्भात मांडला आहे.

पूर्वपीठिका : पोर्तुगीज सत्तेपासून मुक्तीनंतर गोव्यात मराठी दैनिके लागोपाठ निघाली. ‘गोमन्तक’ (१९६२) चौगुले उद्योगसमूहाने सुरू केले. ‘राष्ट्रमत’ १९६३ मध्ये निघाले. ‘नवप्रभा’ (१९७०) धेंपो समूहाचे. चौगुले व धेंपो या दोन्ही घराण्यांचा तेव्हाचा मोठा व्यवसाय लोहखनिजाचा असून त्यांच्या खाणी डिचोली तालुक्यातही होत्या. त्यामुळे जाहिरातीचा पैसा हा या पत्रांचा एकमेव आधार नव्हता. जाहिरातींचे वळण मात्र याच काळात पडले, आणि संकेतस्थळांनी ते बऱ्याच अंशी उचलले.

या वळणाचे वैशिष्ट्य म्हणजे छोट्या व घरगुती जाहिरातींचे प्रमाण. पुण्यतिथीची छायाचित्रे, श्रद्धांजली, आभार, वाढदिवसाच्या शुभेच्छा, नावबदल, हरवलेली कागदपत्रे, वारसाहक्काच्या आणि जमिनीच्या व्यवहारांच्या जाहीर नोटिसा यांनी पानेच्या पाने भरतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत त्यांत दुकानदारांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या शुभेच्छांची भर पडते. अशी जाहिरात कुणाला अडथळा वाटत नाही, कारण ती बातमीसारखीच वाचली जाते. गावात कोण गेले, कोणत्या सर्व्हे क्रमांकाच्या जमिनीचा व्यवहार चालला आहे, हे कळण्याचे ते साधन असते. कित्येक वाचक आधी तेच पान उघडतात. संकेतस्थळावरील जाहिरातींची चर्चा करताना या पानाकडे सहसा दुर्लक्ष होते. जाहिरात ओळखीची व उपयोगाची असली की ती डोळ्यांत खुपत नाही, याचा गोव्यातील जुना दाखला हाच आहे.

उत्पन्नाचे गणित : संकेतस्थळाला दोन वाटांनी पैसा मिळतो. एका वाटेत गूगलच्या ॲडसेन्ससारखी (२००३) मध्यस्थ यंत्रणा जाहिराती आपोआप पुरवते आणि दर हजार दर्शनांमागे किंवा टिचकीमागे पैसे देते. दुसऱ्या वाटेत स्थानिक जाहिरातदाराकडून ठरावीक जागेचे मासिक भाडे थेट घेतले जाते. पहिली वाट वाचकसंख्येवर चालते, आणि येथे ती संख्या अपुरी पडते. २०११ च्या जनगणनेनुसार पेडणे तालुक्याची लोकसंख्या ७५,७४७ व डिचोलीची ९७,९५५ होती. दोन्ही मिळून पावणेदोन लाखही भरत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या धोरणात सरकारी जाहिरातींस पात्र ठरण्यासाठी संकेतस्थळाला महिन्याला किमान अडीच लाख स्वतंत्र वाचक असण्याची अट होती. म्हणजे या दोन तालुक्यांतील तान्ह्या मुलांसह प्रत्येकाने वाचले, तरी केवळ तेथल्यापुरते संकेतस्थळ त्या अटीत बसले नसते. मुंबईतील व आखातातील पेडणेकर वाचकांमुळे आकडा वाढतो. आखातातून झालेल्या दर्शनाला दरही सहसा बरा मिळतो.

उदाहरणादाखल, रोज ३,००० वाचक आणि प्रत्येकी दोन पाने धरल्यास महिन्याला १,८०,००० दर्शने होतात. दर हजारी ३० रुपये मिळाले, तर पानावरच्या एका जाहिरातीतून ५,४०० रुपये येतील. उत्पन्न दुप्पट करायचे तर जाहिरातीही दुप्पट कराव्या लागतात, आणि वाचकाच्या त्रासाला सुरुवात येथूनच होते. याउलट डिचोली बाजारातील हार्डवेअरचे दुकान, पेडण्यातील खाजगी शिकवणी, जवळच्या म्हापशातील चष्म्याचे दुकान अशा सहा जणांनी महिना १,५०० रुपयांप्रमाणे जागा घेतली तर ९,००० रुपये मिळतात, तेही पानावर गर्दी न करता. मात्र यासाठी कुणाला तरी दुकानोदुकानी हिंडून वसुली करावी लागते. लहान संपादकांना हे काम नकोसे वाटते, आणि स्वयंचलित जाहिरातींचा मोह टिकून राहण्याचे खरे कारण बहुधा हेच असावे.

वाचकाला होणारा त्रास : जाहिरातदार, प्रकाशक व तंत्रज्ञान कंपन्यांच्या ‘कोॲलिशन फॉर बेटर ॲड्स’ या संघटनेने मार्च २०१७ मध्ये वाचकांच्या पाहणीवरून नकोशा जाहिरातींचे प्रकार निश्चित केले. संगणकावर ते चार, मोबाइलवर आठ आहेत. मजकुरावर उसळून येणारी चौकट, आपोआप आवाजासह सुरू होणारी चित्रफीत, वाचण्याआधी सेकंद मोजत थांबवणारे पान, पडद्याचा मोठा भाग अडवून बसणारी पट्टी हे त्यांतले ठळक. क्रोम ब्राउझरने हे निकष मोडणाऱ्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती गाळायला फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरुवात केली आणि ९ जुलै २०१९ पासून ते जगभर लागू केले.

स्थानिक बातमीला यातला घनतेचा निकष सर्वांत जाचक ठरतो. मोबाइलवर जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या ३० टक्क्यांहून अधिक असू नये, असा तो आहे. ‘पेडण्यात उद्या वीजपुरवठा खंडित’ ही दीडशे शब्दांची बातमी मोबाइलवर सुमारे ९०० पिक्सेल उंची घेते असे धरू. त्यात २५० पिक्सेल उंचीची एक जाहिरात घातली की, भागाची उंची जाहिरातीसह मोजली असता, प्रमाण जवळपास २२ टक्के होते. दुसरी घातली की ते ३५ च्या पुढे जाते. तालुक्याच्या बातम्या बहुतेक एवढ्याच लांबीच्या असतात. तेव्हा एका बातमीत एकच जाहिरात, तीही मजकूर संपल्यावर किंवा दुसऱ्या परिच्छेदानंतर, हा नियम धरणे श्रेयस्कर.

दुसरा त्रास मजकूर हलण्याचा. जाहिरात उशिरा उतरली की वाचत असलेली ओळ खाली सरकते आणि बोट भलत्याच ठिकाणी पडते. जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवली की हे टळते. त्याला खर्च काही नाही. तरी पुष्कळ ठिकाणी केलेले आढळत नाही.

आशयावरील नियंत्रण : स्वयंचलित यंत्रणेतून सट्टा, झटपट कर्ज, वजन घटवण्याची औषधे अशा जाहिराती येतात. ॲडसेन्समध्ये असे वर्ग बंद करण्याची सोय आहे. उत्पन्न थोडे घटते, पण श्रद्धांजलीच्या पानाशेजारी सट्ट्याची जाहिरात झळकत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच केली आहे.

पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्याच तालुक्यातील मोरजी, मांद्रे, हरमल या किनारी पट्ट्यात बंगले व भूखंड यांच्या जाहिराती हा आता मोठा वर्ग आहे. स्थावर संपदा कायद्यानुसार (२०१६) नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची जाहिरात नोंदणीपूर्वी करता येत नाही. म्हणून जागा देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. भूरूपांतराचा, म्हणजे जमिनीचा वापर बदलण्याचा, प्रश्न पेडण्यात नाजूक आहे. त्यासंबंधीच्या बातमीलगत त्याच भागातील भूखंडाची जाहिरात आली तर वाचक बातमीवरच संशय घेतो.

बातमीच्या वेषातील जाहिरात : ग्राहक व्यवहार खात्याच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार सांगितले असून वेषांतरित जाहिरात हा त्यांतला एक आहे. ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याच्या वर, मजकुराच्याच आकारात छापणे हा साधा उपाय होय.

निवडणूक काळ : राजकीय जाहिरातींस निवडणूक आयोगाच्या माध्यम समितीचे पूर्वप्रमाणन लागते.

कर : छापील माध्यमातील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के, तर संकेतस्थळावरील जागेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवापुरवठादारास सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही.